शस्त्रक्रियापूर्व संमती

कोणतीही शस्त्रक्रिया करण्यापूर्वी तिचे स्वरूप, हेतू, अपेक्षित लाभ, संभाव्य धोके, पर्यायी उपाय व शस्त्रक्रिया न केल्यास होणारे परिणाम यांची माहिती रोग्यास समजेल अशा भाषेत देण्यात आल्यावर त्याने विचारपूर्वक व स्वेच्छेने दिलेली अनुमती म्हणजे शस्त्रक्रियापूर्व संमती होय. माहिती हा या अनुमतीचा पाया असल्यामुळे तिला ‘माहितीपूर्ण संमती’ असेही म्हणतात. रुग्णालयात ज्या छापील कागदावर सही वा अंगठा घेतला जातो, तो कागद म्हणजे संमती नव्हे. तो संमतीचा केवळ पुरावा होय. प्रत्यक्ष संमती ही वैद्य व रोगी यांच्यातील संभाषणातून निर्माण होते. हे संभाषण झालेच नसेल, तर सही असूनही संमती नसते.

दुसऱ्याच्या शरीरास त्याच्या अनुमतीवाचून इजा करणे हा सर्वसाधारणपणे अपराध ठरतो. शस्त्रवैद्याने केलेला छेद अपराध ठरत नाही, याचे एक प्रमुख कारण रोग्याची संमती हे आहे. यावरून असे दिसते की, शस्त्रक्रिया कितीही कौशल्याने केलेली व यशस्वी झालेली असली, तरी संमतीचा अभाव त्यामुळे भरून निघत नाही. निष्काळजीपणा व संमतीचा अभाव हे दोन स्वतंत्र दोष आहेत. [→ वैद्यकीय न्यायशास्त्र].

इतिहास : प्राचीन वैद्यकात रोग्याच्या निर्णयाधिकाराचा स्वतंत्र विचार फारसा आढळत नाही. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात मूतखड्यावरील शस्त्रक्रियेच्या संदर्भात, क्रिया न केल्यास मृत्यू निश्चित व केल्यास परिणाम अनिश्चित असल्याने वैद्याने अधिपतीस विचारून मगच क्रिया करावी, असा आदेश आहे. यात लाभ व धोका यांची तुलना स्पष्टपणे केलेली आहे. मात्र अनुज्ञा घ्यावयाची ती सत्ताधीशाची आहे. ग्रीक परंपरेतही वैद्याने रोग्यापासून पुष्कळशा गोष्टी झाकून ठेवाव्यात, असाच उपदेश आढळतो. रोग्याचे हित कशात आहे हे वैद्यच जाणतो, ही धारणा दोहोंच्या मुळाशी होती.

न्यायालयीन इतिहासातील पहिले महत्त्वाचे उदाहरण म्हणजे इंग्लंडमधील १७६७ चा स्लेटर विरुद्ध बेकर व स्टेपलटन हा खटला होय. पायाचे मोडलेले हाड सांधत आले असता, एक नवे उपकरण लावून पाहण्यासाठी ते रोग्याच्या विरोधास न जुमानता पुन्हा मोडण्यात आले. रोग्यास ५०० पौंड नुकसानभरपाई मिळाली. शस्त्रक्रियेपूर्वी रोग्याची संमती घेणे हा शस्त्रवैद्यांचाच रूढ प्रघात आहे, हे न्यायालयाने आधारभूत मानले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टन येथे ईथराच्या साहाय्याने शुद्धिहरण करून शस्त्रक्रिया केल्याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. त्यानंतर संमतीच्या प्रश्नास वेगळेच स्वरूप प्राप्त झाले. तोवर शुद्धीवर असलेला रोगी ओरडून का होईना, पण विरोध करू शकत असे. शुद्धिहरणानंतर तो काही तास पूर्णपणे दुसऱ्याच्या स्वाधीन असतो. त्यामुळे जे काही विचारावयाचे ते आधीच विचारणे आवश्यक झाले. आणि उदर उघडल्यावर अनपेक्षित विकृती आढळल्यास काय करावे, हा नवा प्रश्न उभा राहिला. [→ शुद्धिहरण].

न्यूयॉर्क राज्यातील १९१४ च्या श्लोएंडॉर्फ खटल्यात नेमका हाच प्रश्न होता. ईथर देऊन केवळ तपासणी करण्यास मान्यता देणाऱ्या स्त्रीच्या शरीरातील अर्बुद त्याच वेळी काढून टाकण्यात आले होते. रुग्णालय धर्मादाय असल्याने तिला त्याच्याकडून भरपाई मिळू शकली नाही. तथापि प्रौढ व शुद्ध मनाच्या प्रत्येक व्यक्तीस स्वतःच्या शरीराचे काय केले जावे हे ठरविण्याचा अधिकार आहे, हे न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो यांनी त्या निकालपत्रात मांडलेले तत्त्व पुढे सर्वत्र प्रमाणभूत मानले गेले.

दुसऱ्या महायुद्धकाळात नाझी वैद्यांनी बंदिवानांवर केलेल्या प्रयोगांच्या चौकशीतून १९४७ साली न्यूरेंबर्ग संहिता निर्माण झाली. मानवी प्रयोगांत स्वेच्छेने दिलेली संमती अनिवार्य आहे, हे तिचे पहिले कलम होय. जागतिक वैद्यक संघटनेची हेलसिंकी घोषणा १९६४ ची आहे. ही दोन्ही विधाने संशोधनापुरती असली, तरी त्यांचा प्रभाव दैनंदिन उपचारांवरही पडला. ‘माहितीपूर्ण संमती’ ही संज्ञा कॅलिफोर्नियातील न्यायालयाने १९५७ च्या साल्गो खटल्यात वापरली व तेव्हापासून ती रूढ झाली. रोहिणीचे क्ष-किरण चित्र घेण्याच्या क्रियेनंतर तेथील रोग्याचे पाय लुळे पडले होते व या धोक्याची कल्पना त्यास देण्यात आलेली नव्हती.

संमतीची अंगे : संमती ग्राह्य ठरण्यासाठी चार गोष्टींची आवश्यकता असते. (१) क्षमता : मिळालेली माहिती समजणे, निर्णय होईपर्यंत ती लक्षात ठेवणे, तिचा साधकबाधक विचार करणे व आपला निर्णय कळविणे, या गोष्टी रोग्यास करता आल्या पाहिजेत. क्षमता ही विशिष्ट निर्णयापुरती व विशिष्ट वेळेपुरती पाहावयाची असते. निरक्षरता, वार्धक्य किंवा वैद्याच्या सल्ल्याविरुद्ध घेतलेला निर्णय हा अक्षमतेचा पुरावा नव्हे. तीव्र वेदना, ज्वरातील वात किंवा गुंगीचे औषध यांमुळे मात्र एरव्ही सक्षम असलेली व्यक्तीही तात्पुरती अक्षम होते. (२) माहिती : तिचा विचार पुढे केला आहे. (३) आकलन : माहिती सांगितली गेली म्हणजे ती समजली, असे होत नाही. (४) स्वेच्छा : संमती भय, दडपण, फसवणूक अथवा आमिष यांपासून मुक्त असली पाहिजे.

स्वेच्छेचा अभाव म्हणजे काय, याचे भारतातील सर्वांत मोठे उदाहरण आणीबाणीच्या काळातील (१९७५–७७) नसबंदी मोहिमेचे होय. १९७६–७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. कर्मचाऱ्यांना ठरवून दिलेली उद्दिष्टे, वेतन व सवलती रोखण्याच्या धमक्या आणि पोलिसी बळ यांचा त्या वेळी वापर झाल्याचे शाह आयोगाच्या चौकशीत उघड झाले. महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक १९७६ साली संमत केले होते. परंतु त्यास राष्ट्रपतींची मान्यता मिळाली नाही. त्या काळात भरलेल्या संमतिपत्रांवर सह्या व अंगठे होतेच. सही आणि संमती यांतील भेद याहून अधिक स्पष्टपणे दाखविणारे उदाहरण क्वचितच सापडेल.

माहिती किती द्यावी : या प्रश्नाची तीन उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर असे की, त्या शाखेतील जबाबदार वैद्य सामान्यतः जेवढी माहिती देतात तेवढी पुरेशी होय. इंग्लंडमधील १९५७ च्या बोलम खटल्यातून ही कसोटी पुढे आली व तेथील उमराव सभेने १९८५ साली सिडवे खटल्यात ती बव्हंशी मान्य केली. दुसरे उत्तर असे की, रोग्याच्या स्थितीतील समंजस माणसास जी माहिती महत्त्वाची वाटेल ती सर्व दिली पाहिजे. वॉशिंग्टन येथील १९७२ च्या कँटरबरी खटल्यात पाठीच्या कण्यावरील शस्त्रक्रियेतील पक्षाघाताचा सुमारे १ टक्का धोका सांगितला गेला नव्हता. तेथे ही कसोटी लावण्यात आली. तिसरे उत्तर या विशिष्ट रोग्यास काय महत्त्वाचे वाटते, याकडे लक्ष देते. ऑस्ट्रेलियातील १९९२ च्या रॉजर्स विरुद्ध व्हिटकर खटल्यात, एका डोळ्यावरील शस्त्रक्रियेमुळे दुसरा चांगला डोळाही जाण्याचा धोका १४,००० रोग्यांत १ एवढाच होता. परंतु जिला एकाच डोळ्याने दिसत होते व जी त्या डोळ्याविषयी वारंवार विचारीत होती, अशा स्त्रीच्या दृष्टीने तो अत्यंत महत्त्वाचा होता. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या माँटगोमेरी खटल्यात माहितीच्या बाबतीत वैद्यकेंद्रित कसोटीचा त्याग करून रोगीकेंद्रित कसोटी स्वीकारली.

भारतीय कायदा : भारतीय दंड संहितेच्या (१८६०) ८८ व्या कलमानुसार, एखाद्याच्या हितासाठी, सद्भावनेने व त्याच्या संमतीने केलेल्या कृत्याने हानी झाली, तरी मृत्यू घडविण्याचा उद्देश नसल्यास तो अपराध होत नाही. या कलमाखालील दृष्टांतही शस्त्रवैद्याचाच आहे. कलम ८९ बारा वर्षांखालील मुले व विकल मनाच्या व्यक्तींसाठी पालकाच्या संमतीविषयी, कलम ९० भय वा गैरसमजातून दिलेल्या संमतीविषयी आणि कलम ९२ संमती मिळविणे अशक्य असेल अशा प्रसंगाविषयी होते. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत या तरतुदी अनुक्रमे २६, २७, २८ व ३० या कलमांत आहेत. करार करण्यास वयाची अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात. म्हणून व्यवहारात अठरा वर्षांखालील रोग्यासाठी आईवडिलांची किंवा पालकाची संमती घेतली जाते. मुलास समज असेल, तर त्यालाही समजावून त्याचा रुकार घेणे इष्ट होय.

माहितीपूर्ण संमतीविषयीचा भारतातील प्रमुख निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी दिला. एका ४४ वर्षांच्या अविवाहित स्त्रीस दुर्बिणीतून निदानात्मक तपासणीसाठी भूल देण्यात आली होती. ती बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय, अंडवाहिन्या व अंडकोश काढून टाकण्यात आले. श्लोएंडॉर्फ खटल्याशी या घटनेचे असलेले साम्य उघड आहे. दोहोंमध्ये सुमारे नव्वद वर्षांचे अंतर आहे. न्यायालयाने असे ठरविले की, सक्षम व प्रौढ रोगी तात्पुरता बेशुद्ध असताना नातेवाइकाने दिलेली संमती त्याची संमती ठरत नाही. निदानासाठी दिलेली संमती उपचारासाठी चालत नाही. आणि एका शस्त्रक्रियेस दिलेली संमती दुसरीस लागू पडत नाही. रोग्याचा जीव वाचविण्यासाठी किंवा आरोग्य राखण्यासाठी जादा क्रिया आवश्यक असेल व रोगी शुद्धीवर येईपर्यंत थांबणे अयुक्त असेल, तरच अपवाद करता येतो. जादा क्रिया लाभदायक ठरली असती किंवा दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च व त्रास वाचला असता, हा बचाव ग्राह्य धरला गेला नाही. मात्र निदान व आवश्यक वाटल्यास पुढील विशिष्ट शस्त्रक्रिया या दोहोंसाठी आधीच एकत्रित संमती घेता येते. संबंधित स्त्रीस २५,००० रुपये भरपाई देण्यात आली व शस्त्रक्रियेचे शुल्क मागण्याचा वैद्याचा हक्क नाकारण्यात आला.

माहितीच्या प्रमाणाबाबत मात्र न्यायालयाने अमेरिकन कसोटी न स्वीकारता ‘वास्तविक संमती’ची कल्पना मान्य केली. शस्त्रक्रियेचे स्वरूप, हेतू, लाभ व परिणाम, उपलब्ध पर्याय, महत्त्वाचे धोके आणि उपचार नाकारल्यास होणारे दुष्परिणाम सांगणे आवश्यक आहे. अतिदूरच्या धोक्यांची यादी वाचून रोग्यास घाबरवून सोडणे आवश्यक नाही, असा त्याचा आशय आहे. भारतातील रोगी बव्हंशी वैद्यावर विसंबून असतो व वैद्यकीय खर्च वाढता कामा नये, ही त्यामागील कारणे होत. यावर एक आक्षेप घेण्यासारखा आहे. जो रोगी अधिक विसंबून असतो त्यास प्रश्न विचारता येत नाहीत. म्हणून त्यास सांगण्याचे कर्तव्य वास्तविक अधिक ठरते, कमी नव्हे.

संमती कोणाची : सक्षम प्रौढाच्या बाबतीत त्याची स्वतःची संमती आवश्यक व पुरेशी असते. पती, पिता किंवा मुलगा यांच्याशी रोग्याच्या इच्छेने विचारविनिमय करणे उचित होय. परंतु त्यांची सही रोग्याच्या सहीची जागा घेऊ शकत नाही. या बाबतीत प्रचलित नियमांतही काहीशी संदिग्धता आढळते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांतील ७.१६ क्रमांकाच्या नियमात पती किंवा पत्नी, अज्ञानाचे पालक अथवा स्वतः रोगी यांपैकी प्रसंगानुसार लेखी संमती घ्यावी, असे म्हटले आहे. तसेच वंध्यत्व आणणाऱ्या शस्त्रक्रियेस दोघांची संमती सांगितली आहे. याउलट केंद्र शासनाच्या नसबंदीविषयक मानकांनुसार जोडीदाराची संमती आवश्यक नाही. वैद्यकीय गर्भपात अधिनियमानुसारही (१९७१) प्रौढ स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते. मानसिक आरोग्यसेवा अधिनियमात (२०१७) क्षमतेची व्याख्या, आगाऊ निर्देश आणि नामनिर्देशित प्रतिनिधी यांची तरतूद आहे.

रुकार देण्याच्या अधिकारात नकाराचाही अधिकार अंतर्भूत असतो. सक्षम रोगी जीव वाचविणारा उपचारदेखील नाकारू शकतो. धार्मिक श्रद्धेमुळे रक्ताधान नाकारणारे रोगी हे याचे परिचित उदाहरण होय. दिलेली संमती शुद्धिहरणापूर्वी केव्हाही मागे घेता येते. नकाराचे परिणाम समजावून सांगून तशी लेखी नोंद ठेवणे हे वैद्याचे कर्तव्य होय.

तातडीची स्थिती : अपघातातील बेशुद्ध रोगी किंवा गळा दाबला जाऊन श्वास कोंडलेले मूल अशा प्रसंगी संमतीसाठी थांबणे हाच दोष ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात (१९८९) आणीबाणीच्या प्रसंगी जीव वाचविणे हे प्रत्येक वैद्याचे प्रथम कर्तव्य असल्याचे सांगितले. तथापि तातडी म्हणजे सोय नव्हे. अशा वेळी प्राणरक्षणापुरते आवश्यक तेवढेच करावे. बाकीचे रोगी शुद्धीवर आल्यावर त्यास विचारून करावे.

प्रत्यक्ष पद्धती : उदाहरणादाखल पित्तखड्यांमुळे पित्ताशय दुर्बिणीतून काढण्याची शस्त्रक्रिया घेता येईल. रोग्यास पुढील गोष्टी सांगितल्या गेल्या पाहिजेत : पोटावर लहान छिद्रे पाडून पित्ताशय पूर्ण काढले जाईल, केवळ खडे काढले जाणार नाहीत, पित्ताशयावाचून पचन चालू शकते, काही रोग्यांत सूज किंवा चिकटलेल्या ऊतकांमुळे ऐन वेळी पोट उघडून शस्त्रक्रिया पुरी करावी लागते, रक्तस्राव व जंतुसंसर्ग यांचा थोडा धोका असतो, हजारात सुमारे तीन ते पाच रोग्यांत पित्तनलिकेस इजा होऊन पुन्हा मोठी शस्त्रक्रिया करावी लागते, भुलीचे धोके कोणते, रुग्णालयात किती दिवस राहावे लागेल, कामावर केव्हा जाता येईल व खर्च किती येईल, खड्यांचा काहीच त्रास नसेल, तर वाट पाहणे हाही पर्याय आहे, आणि त्रास होत असून शस्त्रक्रिया टाळल्यास पुन्हा तीव्र वेदना, कावीळ किंवा स्वादुपिंडाचा दाह संभवतो. शस्त्रक्रिया कोण करणार, हे विचारण्याचाही रोग्यास अधिकार आहे. शुद्धिहरणाची माहिती व संमती शुद्धिहरणतज्ञाने स्वतंत्रपणे घेणे चांगले.

धोका सांगताना ‘क्वचित’, ‘नगण्य’ अशा शब्दांपेक्षा ‘शंभरात एक’, ‘हजारात चार’ अशी संख्या अधिक उपयोगी पडते. कारण एकाच शब्दाचा अर्थ वैद्य व रोगी वेगवेगळा घेतात. आकलनाची सोपी व विश्वसनीय परीक्षा म्हणजे रोग्यास सर्व हकिकत त्याच्या शब्दांत सांगावयास लावणे. ‘समजले ना?’ या प्रश्नास भिडेपोटी होकारच मिळतो. ‘घरी गेल्यावर तुम्ही काय सांगाल?’ या प्रश्नामुळे राहिलेली उणीव लगेच कळते. हे संभाषण शक्यतो आदल्या दिवशी किंवा त्यापूर्वी, खाजगी जागेत व्हावे. गुंगीचे औषध दिल्यानंतर किंवा शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी घेतलेली सही फारशी मोलाची नसते.

संमतिपत्र रोग्याच्या भाषेत असावे. त्यात शस्त्रक्रियेचे नाव, शरीराची बाजू, सांगितलेले प्रमुख धोके, पर्याय, दिनांक व वेळ, माहिती देणाऱ्या वैद्याची व रोग्याची सही आणि साक्षीदाराची सही असावी. ‘वैद्यांस योग्य वाटेल ती कोणतीही शस्त्रक्रिया’ अशा सर्वव्यापी शब्दांस कायद्यात फारशी किंमत नाही. कोऱ्या कागदावर सही घेणे सर्वथा गैर होय. दुभाष्याची गरज असल्यास त्याची नोंद करावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया सुरक्षा तपासणीसूचीत (२००८) भूल देण्यापूर्वी रोग्याची ओळख, शस्त्रक्रियेची जागा, शस्त्रक्रियेचे नाव व संमती यांची खातरजमा रोग्याकडूनच करून घेण्यास सांगितले आहे. २००२ च्या आचारनियमांनुसार रोग्याने मागणी केल्यास त्याच्या नोंदींच्या प्रती ७२ तासांत द्याव्या लागतात.

महाराष्ट्रातील प्रश्न : बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याचे प्रमाण फार मोठे असल्याचे उघडकीस आल्यावर राज्य शासनाने २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या सुमारे ८२,००० स्त्रियांपैकी १३,००० हून अधिक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. कामावरील खाड्याबद्दल कापली जाणारी मजुरी, पाणी व शौचालयाचा अभाव आणि कर्करोगाची घातलेली भीती, या परिस्थितीत दिलेला होकार कितपत स्वेच्छेचा म्हणता येईल, हा प्रश्न त्यातून पुढे आला. औषधोपचाराचा पर्याय आणि अंडकोशही काढल्यास अकाली ऋतुनिवृत्ती व हाडांची झीज होण्याचा धोका ठाऊक नसेल, तर तो होकार माहितीपूर्णही नसतो. नसबंदी शिबिरांसंबंधीच्या देविका विश्वास खटल्यात (२०१६) सर्वोच्च न्यायालयाने शस्त्रक्रियेचे परिणाम स्त्रीस तिच्या भाषेत समजावून सांगण्याचे निर्देश दिले. अनावश्यक गर्भाशयोच्छेदनास आळा घालणारी केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी तीन महिन्यांत स्वीकारावीत, असा आदेश त्याच न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दिला.

संमतीच्या प्रक्रियेस वेळ लागतो, ही वैद्यांची अडचण खरी आहे. गर्दीच्या सार्वजनिक रुग्णालयात एका शस्त्रवैद्याच्या वाट्यास येणारे रोगी पाहता दीर्घ संभाषण कठीण असते. प्रशिक्षित परिचारिका व समाजसेवक यांचे साहाय्य, स्थानिक भाषेतील चित्रमय पत्रके आणि बाह्यरुग्ण विभागातच दिलेली प्राथमिक माहिती यांमुळे हा भार हलका करता येतो. मात्र अंतिम जबाबदारी शस्त्रक्रिया करणाऱ्या वैद्याचीच राहते. खटल्याच्या भीतीने केवळ संमतिपत्राची पाने वाढविण्याने वैद्याचे संरक्षण होत नाही व रोग्याचे ज्ञानही वाढत नाही. ज्यास धोका आधी समजलेला असतो, तो रोगी गुंतागुंत उद्‌भवल्यास तिला तोंड देण्यास अधिक तयार असतो. ज्यास तो प्रथमच नंतर कळतो, त्यास ती फसवणूक वाटते. या दृष्टीने संमती ही रोग्याच्या हक्काइतकीच वैद्यावरील विश्वासाचीही आधारशिला होय.